पेटीच्या जोडीला गिटार: स्क्रूच्या कॅपोचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अ‍ॅकूस्टिक गिटारसाठी कॅपो (दांड्यावर सगळ्या तारा एकत्र दाबून सूर वर नेणारा चिमटा) घेताना बहुतेक जण तो किती चटकन लागतो आणि किती चटकन निघतो एवढेच पाहतात, आणि एकट्याने वाजवणाऱ्याला तेवढे पुरतेही. परभणीतील आमच्या सुगम संगीताच्या मंडळात मात्र गिटारच्या शेजारी पेटी असते, आणि पेटीचा सूर कोणासाठीही हलत नाही. त्यामुळे कॅपो लावल्यावर गिटार ठरल्या सुरापेक्षा किती जास्त चढते, हा प्रश्न आमच्याकडे बाकी सगळ्या गुणदोषांच्या आधी येतो. शब कंपनीचा सी१ हा कॅपो मी दिवाळीपासून सातत्याने वापरत आहे. त्याआधी बाजारात सर्रास मिळणारा एक स्वस्त स्प्रिंगचा कॅपो होता. पुढील मत या दोहोंच्या तुलनेतून बनलेले आहे.

आमचे गायक पट्टी सांगतात ती काळी-पांढरीत, म्हणजे पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकाने. पुरुष बहुधा काळी एक किंवा दोन मागतात, स्त्रिया काळी चार किंवा पाच, आणि गिटारवादकाच्या दृष्टीने या चारही पट्ट्या अडचणीच्याच, कारण उघड्या तारांवर सहज वाजणारे सी, डी, ई, जी, ए हे सगळे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) पांढऱ्या पट्ट्यांचे आहेत. कॅपो नसेल तर काळी चारमधले अख्खे भावगीत बार कॉर्डवर (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) ओढावे लागते. बोटे दुखतात ते सोडा, पण उघड्या तारांचा भरदार नादच निघून जातो. कॅपो असला म्हणजे काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सीचे आकार (बोटांची ठेवण), काळी दोनसाठी तिसऱ्यावर सीचेच, काळी चारसाठी पहिल्यावर जीचे आणि काळी पाचसाठी तिसऱ्यावर जीचे, असा हिशेब एकदा डोक्यात बसला की गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी गडबडून जाण्याचे कारण उरत नाही. (गायक ऐनवेळी पट्टी बदलतात, हे कोणत्याही साथीदाराला वेगळे सांगायला नको.) पांढरी चार मागितली तर मी तिसऱ्या फ्रेटवर डीचे आकार घेतो. सीचे आकार पाचव्यावर घेता येतात, परंतु तेथे खर्जाचा भरणा कमी होऊन आवाज पातळ वाटू लागतो.

खरी अडचण यापुढे आहे. तार फ्रेटवर नीट टेकण्यासाठी जेवढा दाब लागतो त्याहून अधिक पडला, तर ती फ्रेटच्या मागे लाकडाकडे वाकते, तिचा ताण वाढतो आणि सूर चढतो. स्प्रिंगच्या कॅपोत हा दाब वाजवणाऱ्याच्या हाती नसतो. स्प्रिंग जेवढी कडक, तेवढा दाब. शिवाय गिटारची नेक (दांडा) नटपासून (वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) खाली येताना हळूहळू जाड होत जाते, त्यामुळे कॅपोचा जबडा अधिक उघडावा लागतो आणि पाचव्या फ्रेटवर तोच कॅपो पहिल्या फ्रेटपेक्षा जास्त आवळतो. माझ्या जुन्या कॅपोने दुसऱ्या फ्रेटवर सहावी (सर्वांत जाड) तार ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) आठ-दहा सेंट वर दाखवली जाई, दुसरी तार तिच्या खालोखाल, तर तिसरी आणि चौथी जवळजवळ जागच्या जागी. अर्ध्या स्वराचे १०० सेंट होतात, म्हणजे हा फरक तसा बारीक आहे आणि एकट्या गिटारवर तो सहसा खटकत नाही. पेटीसोबत मात्र एकाच सुराचे दोन आवाज किंचित वेगळे पडून जी थरथर उठते, ती पहिल्या रांगेतल्या श्रोत्यालाही कळते. कॅपो लावून झाल्यावर तारा पुन्हा जुळवाव्यात हा उपाय सर्वांना ठाऊक आहे. पण निवेदकाची चार वाक्ये संपेपर्यंत सहा तारा जुळवायच्या आणि पुढच्या गाण्याला कॅपो काढून त्या पुन्हा उतरवायच्या, हे कार्यक्रमात जमत नाही.

सी१ची रचना नेमकी येथे उपयोगी पडते. त्यात स्प्रिंग नाही. नेकच्या मागच्या बाजूला एक लहान लिव्हर आणि तिच्या टोकाशी एक स्क्रू आहे. लिव्हर दाबली की ती अर्ध्यावरून पलीकडे जाऊन जागेवर अडकते, आणि कितपत घट्ट अडकायची ते स्क्रूवर ठरते. माझी पद्धत अशी की, लिव्हर उघडी ठेवून स्क्रू आधी मुद्दाम सैल करायचा, इतका की बंद केल्यावर एखादी तार खरखरली पाहिजे. मग थोडा थोडा आवळत प्रत्येक वेळी सहाही तारा एकेक छेडून पाहायच्या आणि शेवटची तार स्वच्छ वाजली की तेथेच थांबायचे. अजून थोडा आवळू म्हटले की सूर चढलाच. असा बसवलेला असताना सहावी तार दोन-तीन सेंटांच्या वर जात नाही, आणि तेवढे पेटीत मिसळून जाते. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे आणि फ्रेटला समांतर असावा. बंद करताना रबराबरोबर तारा आडव्या सरकू नयेत म्हणून मी डाव्या हाताने कॅपोची पट्टी आधी तारांवर टेकवतो आणि मगच लिव्हर दाबतो.

फिंगरबोर्डची (नेकच्या, बोटे ठेवायच्या बाजूची) गोलाई हा मुद्दा दुकानात कोणी काढत नाही. पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींचा फिंगरबोर्ड किंचित कमानदार असतो. मार्टिनच्या गिटारींची गोलाई साधारणपणे १६ इंच त्रिज्येची, तर गिब्सनच्या अनेक गिटारींची १२ इंचांची. कॅपोची पट्टी या कमानीशी जुळली नाही, तर कडेच्या तारा आवळल्या जातात आणि मधल्या खरखरतात, किंवा याच्या उलट होते, आणि मग एका तारेपायी सगळ्याच तारांवर जास्तीचा दाब द्यावा लागतो. म्हणून आपली गिटार सोबत नेऊन, कॅपो लावून, तिसरी आणि चौथी तार सुटी छेडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

उन्हाळ्याबद्दल थोडे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि तापलेल्या मंडपात तारा प्रसरण पावून सूर उतरतो. त्याला कोणताही कॅपो काही करू शकत नाही, गिटार मंडपात आणून अर्धा तास ठेवल्यानंतरच जुळवावी. कॅपोपुरते सांगायचे तर, जुन्या कॅपोच्या कडक रबरात तारांच्या खोल खाचा पडल्या आणि तार दरवेळी त्याच खाचेत बसेनाशी झाली. सी१चे रबर मऊ आहे, त्यावर पुसट वळ दिसतात. झिजल्यावर तेवढेच बदलता येते, ते सुटे मिळते. कोणताही कॅपो गिटारला लावलेला ठेवून ती बॅगेत घालू नये, रबरही चेपते आणि तारांवरचा ताणही विनाकारण वाढतो.

या रचनेची गैरसोयही सांगितली पाहिजे. पहिल्या फ्रेटवरून पाचव्यावर जाताना स्क्रू पुन्हा फिरवावा लागतो, दोन्ही हात लागतात, आणि गाणे चालू असताना कॅपो सरकवणे अशक्य आहे. ज्यांना शेवटच्या कडव्यात पट्टी चढवायची हौस असते, त्यांनी कायझरसारखा एका हाताने लागणारा स्प्रिंगचा कॅपोच घ्यावा. नवशिक्यांनाही दोन-तीनशे रुपयांचा साधा स्प्रिंगचा कॅपो पुरेल; सी१ त्याच्या कैक पटीने महाग आहे. परभणीतल्या वाद्यांच्या दुकानांत पेटी, तबला, पखवाज, टाळ यांचा मान मोठा असल्याने कॅपोचा एखादाच प्रकार टांगलेला दिसतो, निवडीला वाव नसतो. मी ऑनलाइन मागवला.

नायलॉन तारांची गिटार असेल तर मात्र सी१ घेऊ नये. त्या गिटारीचा फिंगरबोर्ड सपाट आणि नटपाशी साधारण ५२ मिलिमीटर रुंद असतो, पोलादी तारांच्या गिटारीचा ४३-४४ असतो. शबमध्येच त्यासाठी सी२ आणि बारा तारांच्या गिटारीसाठी सी३ असे वेगळे प्रकार आहेत.