शेल स्क्रिप्टिंगचं ‘नवीन’ पुस्तक घेताय? आधी हे वाचा

आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलांसाठी बॅश स्क्रिप्टिंगचं एक पुस्तक ऑनलाइन मागवलं. (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम; बॅश हा लिनक्सवरचा नेहमीचा शेल, आणि स्क्रिप्ट म्हणजे अशा कमांडची फाइल.) किंमत ८४९ रुपये. मुखपृष्ठावर ‘२०२४ आवृत्ती, खास सिस्टिम अ‍ॅडमिनसाठी’ असं ठळक छापलेलं, आणि रिव्ह्यूही भरभरून.

पहिली शंका मुलांनाच आली. पुस्तकात बघून टाइप केलेल्या कमांड चालेनात. छपाईत कोडमधली सरळ अवतरणचिन्हं वळणदार झाली होती आणि दोन हायफनांची एक लांब रेघ. शेलला यातलं काहीच कळत नाही. काही ठिकाणी व्हेरिएबलभोवतीची (म्हणजे फाइलचं नाव वगैरे साठवणाऱ्या शब्दाभोवतीची) अवतरणचिन्हं चक्क गाळली होती. हे मला सगळ्यात धोकादायक वाटतं. फोल्डरच्या नावात एक स्पेस असली, तर ‘आरएम’ ही फाइल पुसणारी कमांड भलतंच काही उडवू शकते, आणि सर्व्हरवर रिसायकल बिन नसतो.

मग मी स्वतः चाळलं. सर्व्हिस सुरू करायला जुन्या इनिट स्क्रिप्ट, नेटवर्कसाठी आयएफकॉन्फिग ही जुनी कमांड, आणि आता बहुतेक लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचा कुठे उल्लेखच नाही. मजकूर ओळखीचा वाटला म्हणून एक वाक्य जसंच्या तसं सर्च केलं. मेंडेल कूपर यांचं ‘अ‍ॅडव्हान्स्ड बॅश-स्क्रिप्टिंग गाइड’ समोर आलं! त्याची शेवटची आवृत्ती मार्च २०१४ ची, आणि ती लेखकाने सगळ्यांसाठी खुली केलेली. म्हणजे छापून विकायला मनाई नाही. पण मूळ लेखकाचं नाव पुसून, वर २०२४ लिहून पैसे घेणं ही सरळ लुबाडणूक आहे. त्या माणसाने वर्षानुवर्षं खपून लिहिलेलं आणि सगळ्यांना मोफत दिलेलं काम असं विकलं जातंय, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आला.

विक्रेत्याने ‘पुस्तक खराब नाही’ म्हणत रिफंड नाकारला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

विकत घ्यायच्या आधी नमुना पानं उघडा. कोडमधली अवतरणचिन्हं सरळ आहेत का बघा, अनुक्रमणिकेत सिस्टिमडी शोधा, आणि एखादं वाक्य अवतरणात टाकून सर्च करा. प्रकाशक आणि लेखक यांचा दुसरीकडे कुठेच माग लागत नसेल, तर ते पुस्तक सोडून द्या.

सुरुवातीला पैसे घालवायची गरजही नाही. विल्यम शॉट्स यांचं ‘द लिनक्स कमांड लाइन’ त्यांच्याच साइटवर पीडीएफमध्ये मोफत आहे. कोणी लेखकाच्या परवानगीशिवाय ती मोफत पीडीएफ पैसे घेऊन देत असेल तर ते बेकायदा, कारण तिच्या परवान्यात व्यावसायिक वापराला बंदी आहे. बॅशचं अधिकृत मॅन्युअल बॅश बनवणाऱ्या जीएनयू प्रकल्पाच्या साइटवर आहे. आणि लिहिलेली प्रत्येक स्क्रिप्ट शेलचेक या चुका शोधणाऱ्या टूलमधून काढा. गाळलेली अवतरणचिन्हं ते लगेच दाखवतं.