प्रत्युत्तराचं बटणच नसलेलं 'पॉलिस'

मी एक चर्चागट चालवते. मतदान सक्तीचं असावं का, या प्रश्नावर आमच्यात दोन तट इतके पक्के झाले होते की कोण काय बोलणार हे आधीच ठाऊक असायचं. म्हणून तोच विषय 'पॉलिस' या लोकांची मतं गोळा करणाऱ्या ऑनलाइन साधनावर घातला.

हे साधन मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे. एकेक छोटं विधान समोर येतं; सहमत, असहमत किंवा पास, एवढंच करायचं. स्वतःचं विधान घालता येतं, दुसऱ्याच्या विधानाला उत्तर मात्र देता येत नाही. मला हेच सर्वांत मोलाचं वाटलं. चर्चा बिघडते ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या प्रत्युत्तराला. इथे चिडलेल्या माणसालाही आपलं म्हणणं नव्याने मांडावं लागतं. शिवाय मतांच्या साम्यावरून सहभागींचे गट पाडून ते नकाशासारख्या चित्रात दाखवले जातात आणि सगळ्याच गटांना पटलेली विधानं वेगळी काढून दाखवली जातात. त्यामुळे पलीकडच्यांनाही पटेल असं लिहायची ओढ लागते.

आमचे दोन तट नकाशावर उमटलेच. पण 'मतदानाच्या दिवशी कुणाची मजुरी बुडू नये' हे दोन्हीकडे मान्य झालं. बैठकीत हे आधीही बोललं गेलं होतं. तेव्हा ते कोण म्हणतंय याकडेच लक्ष होतं. या वेळी विधानांसोबत कुणाचं नाव दिसत नव्हतं.

तैवानमध्ये 2015 साली उबरच्या प्रश्नावर हेच वापरलं गेलं. बाजू टोकाच्या होत्या, तरी प्रवाशांच्या विम्यासारख्या मुद्द्यांवर एकमत निघालं. मात्र तिथे पुढे सरकार, उबर आणि टॅक्सीवाले प्रत्यक्ष बोलायलाही बसले होते. ते काम साधन करत नाही. जे भागच घेत नाहीत त्यांचं मतही ते सांगू शकत नाही.

वापरणार असाल तर सुरुवातीच्या विधानांवर मेहनत घ्या. 'सक्ती हवी, पण दंड नको' असं जोडवाक्य घातलं की असहमती नेमकी कशाशी, हे कळत नाही. एका विधानात एकच मुद्दा हवा. आणि निष्कर्षांचं पुढे काय करणार, हे आधीच सांगा; ते ठरलं नसेल तर लोकांची मतं मागूच नका.

आमचा पुढचा विषय राजकीय देणग्यांचा आहे. त्याची पहिली विधानं दोन्ही तटांतल्या एकेकाला शेजारी बसवून लिहून घेते आहे.