टायटॅनियमच्या नावाखाली रंगवलेलं लोखंड

फ्रेमिंगच्या, म्हणजे लाकडी सांगाडे उभारायच्या कामासाठी टायटॅनियमचा हातोडा म्हणून जे माझ्या गळ्यात मारलं गेलं, ते करडा मुलामा चढवलेलं साधं लोखंड निघालं. ऑनलाइन बाजारात तीच वस्तू अजूनही नाव बदलून विकली जातेय, म्हणून सविस्तर लिहितोय. दिवसभर खिळे ठोकून पोट भरणाऱ्यांनी तरी वाचावं.

टायटॅनियमची भानगड काय, ते आधी सांगतो, कारण फसवणारा नेमका तिथेच डाव साधतो. घरगुती कामाचा हातोडा साधारण १६ औंसांचा, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. लाकडी सांगाडे उभारायचे पोलादी हातोडे २० ते ३२ औंसांपर्यंत जातात. ग्रॅममध्ये साधारण ५७० ते ९००. दांडा लांब, खिळे उपटायचा क्लॉ सरळ, आणि खिळ्याचं डोकं सटकू नये म्हणून तोंडावर बारीक चौकड्यांची जाळी. एवढं वजन सकाळपासून खांद्याच्या वर उचलायचं म्हटल्यावर कोपर बोलायला लागतंच. टायटॅनियम घन सेंटिमीटरला ४.५ ग्रॅम भरतं, पोलाद ७.८५. म्हणजे तेवढ्याच आकाराचं डोकं बरंच हलकं होतं आणि हात जास्त वेगाने फिरतो. घावाची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. वेग दीडपट झाला तर ऊर्जा सव्वादोनपट. हिशोब खरा आहे. म्हणूनच असा हातोडा महाग असतो आणि म्हणूनच त्याची नक्कल करणं परवडतं.

जाहिरातीत लिहिलं होतं: टायटॅनियमचं डोकं, पोलादी तोंड, हिकरीचा (हे एक चिवट लाकूड) दांडा, आणि मोठ्या अक्षरात 'अत्यंत हलका'. डोक्याचं वजन मात्र कुठेच नाही, फक्त 'एकूण वजन'. हातोड्यावरचा औंसांचा आकडा रिवाजाने डोक्याचा असतो, दांड्यासकट नाही. एकूण वजन सांगितलं की त्यात दांडा किती नि डोकं किती हे झाकलं जातं. फोटो एका नावाजलेल्या कंपनीच्या कॅटलॉगमधून उचललेला, डोक्यावरचा शिक्का तेवढा पुसलेला. रिव्ह्यू ढिगाने आणि सगळे चांगले. खाली खाली जात राहिलं की मात्र लोक लिहितायत, 'फोनला अगदी फिट बसलं, रंग पण सेम.' जुन्या, भलत्याच वस्तूच्या पानावर माल बदलायचा, रिव्ह्यू तसेच ठेवायचे, अशी ही युक्ती. वरवर चाळणाऱ्याला ती दिसत नाही, कारण कामाचे तेवढे रिव्ह्यू वर आणलेले असतात.

पेटी झकास होती. आत फोम, होलोग्रामवालं कार्ड, वॉरंटीचा कागद. त्या कागदावर पत्ता सोडून बाकी सगळं होतं.

साडेतीन इंची खिळे ठोकायला घेतले आणि पहिल्याच दिवशी तोंडावरची जाळी झिजायला लागली. अंगठा फिरवला तर मधला भाग गुळगुळीत, कडेच्या चौकड्या तेवढ्या हाताला टोचत होत्या. नीट पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या पोलादाची जाळी अशी एका दिवसात बसत नाही. तोंड गुळगुळीत झालं की खिळा सटकतो, वाकतो. मग आपण नकळत मूठ जास्त आवळतो आणि त्याचा हिशोब रात्री कोपर मागतं. दांड्यावर जाडजूड मऊ रबर होतं, 'धक्का शोषणारं' म्हणून मिरवलेलं. ते हातात वळत होतं, म्हणजे मूठ आणखी आवळा. आरामदायक मुठीची माझी व्याख्या सोपी आहे: अंडाकृती, बोटं पुरती वेढतील इतपतच जाड, आणि डोळे मिटून धरलं तरी तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळलं पाहिजे. गादीसारखी मूठ दुकानातच बरी वाटते.

पुढे डोकं हलायला लागलं. घाव घालताना दांडा पुढे जायचा आणि डोकं किंचित मागून यायचं. हे धोक्याचं लक्षण आहे, तिथेच काम थांबवलं. डोक्याच्या वरच्या बाजूला लोगो असलेली काळी चकती होती. ती पटाशीच्या टोकाने उचकटली. खाली डिंकासारखं काहीतरी ओतलेलं, त्याच्या खाली दांड्याचं टोक, आणि तेही भोकाच्या वरपर्यंत पोचलेलं नाही. पाचर नाहीच. ना लाकडाची, ना लोखंडाची.

डोकं दांड्यावर टिकतं ते गोंदाने नाही. १८४० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विच गावी डेव्हिड मेडोल नावाच्या लोहाराने डोक्याचं भोक वाकसासारखं (लाकूड तासायच्या हत्यारासारखं) खोल आणि खाली लांबवलेलं केलं. त्यामुळे दांड्याला जास्त लांबीची पकड मिळाली आणि डोकं निसटून उडणं आटोक्यात आलं. त्याचे हातोडे सुतार शोधत यायचे ते याचसाठी. लाकडी दांड्याचा चांगला हातोडा वरून पाहिला की दांड्याचं टोक उघडं दिसतं, त्यात बसवलेली पाचर दिसते, भोकाच्या चारही बाजूंना लाकूड घट्ट भिडलेलं दिसतं. तिथे झाकण, चकती किंवा रंगाचा जाड थर असेल तर मी आता हातही लावत नाही.

मग लोहचुंबक लावून पाहिलं. टायटॅनियमला ते चिकटत नाही. इथे तोंडाला चिकटलं, मानेला चिकटलं, क्लॉच्या टोकालाही खाडकन चिकटलं. विक्रेत्याला कळवल्यावर चॅटवर उत्तर आलं: 'सर, फेस स्टीलचा आहे, त्यामुळे मॅग्नेट चिकटणारच.' उत्तर हुशारीचं आहे, कारण अर्धं खरं आहे. काही टायटॅनियम हातोड्यांना खरंच पोलादी तोंड असतं. पण ते पुढे, तोंडाशी. क्लॉच्या टोकाला पोलाद कुठून आलं, यावर त्यांनी अंगठ्याची खूण पाठवली.

डोकं सुटं झालंच होतं, म्हणून शेवटचा पुरावाही काढला. वजन भरलं ५६० ग्रॅम. मापाच्या भांड्यात बुडवल्यावर पाणी वर चढलं ते ७० मिलिलिटरच्या जरासं पुढे. भागाकार केला की उत्तर पोलाद-लोखंडाच्या घरात येतं. पूर्ण टायटॅनियमचं तेवढ्याच वजनाचं डोकं असतं तर जवळजवळ १२५ मिलिलिटर पाणी सरकलं असतं. पोलादी तोंड धरलं तरी एवढा फरक पडत नाही. ग्राइंडरवर ठिणग्या पाहायचीही एक रीत आहे. टायटॅनियमच्या ठिणग्या डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या, लोखंडाच्या पिवळट सोनेरी. पण पैसे परत मिळेपर्यंत ग्राइंडर लावू नका. त्याचं कारण पुढे येतंच.

दांड्याचं तर विचारूच नका. काळा लॅकर खरवडला तेव्हा लाकडाच्या रेघा दांड्याच्या लांबीने न जाता मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडलेल्या दिसल्या. असा दांडा त्या तिरक्या रेघेवरच चिरतो. चांगल्या दांड्यात रेघा टोकापासून टोकापर्यंत धावतात, आणि खालच्या टोकाकडून पाहिलं तर वाढीच्या कड्या घावाच्याच दिशेने उभ्या असतात, आडव्या नाहीत. लाकडाचा दांडा रंगवलेला असला की विकणाऱ्याला काय लपवायचंय हा प्रश्न आधी पडायला हवा. पारदर्शक वार्निश किंवा नुसतं तेल असेल तर सगळं उघडं दिसतं.

दांडा लाकडीच नसेल तर सुटलो, असंही नाही. आमच्याबरोबरच्या एका सुताराने 'एकसंध घडीव पोलाद' म्हणून हातोडा घेतला होता. एकसंध म्हणजे डोकं आणि दांडा एकाच तुकड्यातून घडलेलं, सांधा नाही. त्याच्या हातोड्याचा क्लॉ खिळा उपटताना तुटला. तुटलेली जागा खडीसाखरेसारखी रवाळ आणि करडी, म्हणजे सरळसरळ ओतीव माल. मानेवरचा रंग काढला तर वेल्डिंगची रेघ, आणि मुठीच्या रबरातून आत पोकळ पाइप. त्यातही सुदैव हे की तुकडा गॉगलवर आदळला. तोंडाचे किंवा क्लॉचे टवके उडणं हा हातोड्याचा सगळ्यात वाईट अपघात, आणि कच्च्या पाण्याचा किंवा ओतीव माल त्याला हमखास आमंत्रण देतो. कसलाही हातोडा असला तरी त्याने दुसऱ्या हातोड्याच्या तोंडावर घाव घालू नका.

आता पैशाचं. विक्रेत्याचा सगळा खेळ एका वाक्यावर उभा आहे: 'वापरलेला माल परत घेतला जात नाही.' खिळा मारल्याशिवाय हातोडा कळत नाही, आणि खिळा मारला की माल वापरलेला. म्हणून ज्या तपासण्यांनी ओरखडाही उठत नाही त्या पेटी उघडल्या उघडल्या करायच्या, तेही फोनवर व्हिडिओ चालू ठेवून: क्लॉच्या टोकाला चुंबक, दांड्याच्या दोन्ही टोकांची पाहणी, वजन, तोंड दांड्याच्या रेषेत सरळ आहे का. कानस, ग्राइंडर, खरवडणं हे सगळं तक्रार निकालात निघाल्यावर. तक्रार करायच्या आधी जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी काढले आणि नंतर ते पान गायबच झालं.

मला आधी अर्धे पैसे देऊ केले, अट एकच, रिव्ह्यू काढायचा. मग वॉरंटीत डोकं हलणं येत नाही असं सांगितलं. मग उत्तरंच बंद. शेवटी बँकेकडे कार्डाच्या व्यवहारावर हरकत घेतली. तिथे 'हातोडा चांगला नाही' हा मुद्दा चालला नसता. चांगलं-वाईट ही मतं झाली. 'जाहिरातीत एक धातू, हातात दुसरा' असं लिहिलं, सोबत स्क्रीनशॉट, क्लॉला चिकटलेल्या चुंबकाचा आणि पाण्यातल्या डोक्याचा फोटो जोडला. पैसे परत आले.

ती जाहिरात आता दुसऱ्या नावाने पुन्हा आली आहे. फोटो तोच, पुसलेल्या शिक्क्याच्या जागी एक धुरकट डाग दिसतो, आणि रिव्ह्यूंमध्ये या खेपेला लोक कुठल्याशा चार्जरचं कौतुक करतायत.