एक्सबॉक्सच्या पॅडवर 'डायनेस्टीज ऑफ इंडिया': काही महिने खेळल्यानंतर

'एज ऑफ एम्पायर्स २'चा 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' हा विस्तार, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा वेगळा भाग, माऊसवर खेळावा की पॅडवर (एक्सबॉक्सच्या हातात धरायच्या कंट्रोलरवर), असं कुणी विचारलं तर मी पॅडवर म्हणेन. मूळ खेळ माऊससाठीच बनलेला, १९९९ सालचा. त्यामुळं हे ऐकायला उलटं वाटेल. पण गेले काही महिने शिरोली एमआयडीसीतली पाळी संपवून घरी आल्यावर, जेवणं उरकली की सोप्यातल्या टीव्हीवर मी हाच खेळतोय, आणि माझं मत दर आठवड्याला पक्कं होत गेलंय.

कारण एका शब्दात सांगायचं तर हत्ती.

पॅडवर रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे न थांबणाऱ्या वेळात गाव वसवून फौज लढवायचा खेळ, खेळताना खरी अडचण वेगाची असते. माऊसवाला डोळ्याचं पातं लवायच्या आत पाच घोडेस्वार मागं ओढतो, दोन जखमींना बाजूला काढतो आणि तेवढ्यात घरं बांधायला गावकरीही पाठवतो. पॅडवरच्या काठीनं कर्सर सरकवत हे होत नाही. युरोपीय फौजा, विशेषतः नाईटांवर (चिलखती घोडेस्वारांवर) चालणाऱ्या, पॅडवर हाताबाहेर जातात ते याचमुळं. या विस्तारातल्या चारही भारतीय संस्कृतींना (खेळायला निवडायच्या पक्षांना), म्हणजे हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर यांना, नाईटच नाही. त्यांच्या जागी उंट आहेत, पायदळ आहे, रथ आहेत आणि सगळ्यांच्या पुढं हत्ती आहेत. हत्ती हळू चालतो, महाग पडतो, पण लवकर मरत नाही. त्यामुळं लढाईत विचार करायला वेळ मिळतो. कुठल्या बाजूनं चढायचं, भालेवाले समोर आले तर तिरंदाज कुठं उभे करायचे, हे ठरवून मग हुकूम देता येतो. बोटांच्या चपळाईपेक्षा आखणीला किंमत येते, आणि मला या प्रकारच्या खेळात तेच हवं असतं.

चिलखती हत्तीचं तर स्वतंत्र कौतुक करायला हवं. इतर संस्कृती वेशी आणि किल्ले फोडायला लाकडी ओंडक्याचं यंत्र वापरतात. या चौघांकडं ते नाही, त्यांच्या वेढ्याच्या कारखान्यातून चिलखती हत्तीच बाहेर पडतो. बाणांना तो जुमानत नाही आणि इमारतींवर डोकं आपटून त्या पाडतो. भाल्यांपुढं मात्र टिकत नाही, आणि शत्रूचा धर्मगुरू जवळ आला तर आपला हत्ती त्याच्याच बाजूला जातो. पहिल्यांदा हत्तींनी वेस फोडली तेव्हा थोरल्या भावाचा पोरगा शेजारी बसला होता. तो ओरडला, "काका, भिंत पाडत्यात की ओ ही!" तेव्हापासून चिलखती हत्ती पाठवायचा हक्क त्याचा.

एक त्रास आहे. तटाला छोटं खिंडार पडलं आणि सगळे हत्ती एकदम त्यातून घालायला गेलं की गळिताच्या हंगामात कारखान्याच्या दारात उसाच्या बैलगाड्यांची रांग अडकते तसं होतं. पुढचा हलत नाही, मागचे ढकलत राहतात आणि वरून बाण बसत असतात. यावर उपाय एकच, आधी दोन ठिकाणी भिंत फोडायची आणि मग मोठी फौज आत घालायची. पॅडवर गट बांधायची सवय लागली की हे जमतं, पण सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो.

पॅडची रचना मला चांगली वाटली. गावकऱ्यांनी धान्य, लाकूड, सोनं, दगड यांपैकी कशावर जास्त राबायचं हे एकदा ठरवून दिलं की ते आपापसांत वाटून घेतात. नवीन तयार झालेला गावकरीही त्याच वाटणीत जातो. शेतं आपोआप पुन्हा पेरली जातात, टेहळ्या स्वतःच नकाशा धुंडाळतो. माऊसवर खेळणाऱ्या जुन्या मंडळींना हे सोपं करून दिल्यासारखं वाटेल. माझ्या मते या सोयीमुळं डोकं अर्थकारणाच्या बारीक टिकटिकीतून सुटतं आणि रणांगणाकडं लागतं. टीव्हीवरची अक्षरं लांबून बारीक दिसतात, त्यामुळं आमच्याकडं सोफा पुढं सरकवावा लागला, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. हवं तर एक्सबॉक्सला कीबोर्ड आणि माऊस जोडता येतो. मी जोडून बघितला आणि पुन्हा पॅडवर आलो.

आता संस्कृतींबद्दल. बंगाली माझे आवडते. त्यांच्या हत्तींना धर्मगुरूंचा धोका कमी, आणि प्रत्येक नव्या युगात, म्हणजे खेळाच्या पुढच्या टप्प्यात, पाऊल टाकताना नगरकेंद्रातून दोन गावकरी फुकट मिळतात, ते मोठं बळ आहे. त्यांचा रथ जवळून हातघाईनं आणि लांबून बाणानं, दोन्ही तऱ्हांनी लढतो. ही अदलाबदल ऐन गर्दीत पॅडवर करणं मात्र सोपं नाही, म्हणून मी रथ बहुतेक वेळा बाणांवरच ठेवतो. गुर्जर हुशार माणसासाठी आहेत. त्यांना मेंढ्या मारून खाण्याऐवजी गिरणीत ठेवून हळूहळू धान्य मिळवता येतं, श्रीवंश स्वार बाण चुकवतात, चक्र फेकणाऱ्यांचं चक्र एकाला लागून पुढच्यालाही कापत जातं. पण मेंढ्या शोधून एकेक गिरणीकडं नेणं पॅडवर कंटाळवाणं होतं. हिंदुस्तानी हे पूर्वीच्या 'इंडियन्स'चंच नवं रूप. गावकरी स्वस्त, उंट जबरदस्त. नवख्यालाही ते जड जात नाहीत.

द्रविड मात्र सवडीनं समजून घ्यायची गोष्ट. घोडदळ अगदीच दुबळं, त्यामुळं पहिल्या काही डावांत हात बांधल्यासारखे वाटतात. मग लक्षात येतं की यांची ताकद पाण्यात आणि पायदळात आहे. प्रत्येक युगाला मिळणारं लाकूड थेट गलबतांत घालायचं, किनारा धरायचा आणि उरुमीवाले (लवचिक पात्याची तलवार चालवणारे) घेऊन जमिनीवर उतरायचं. 'वूट्झ स्टील' हे त्यांचं संशोधन झालं की त्यांच्या पायदळाचा आणि घोडदळाचा वार समोरच्याच्या चिलखताला जुमानत नाही. दक्षिणेतलं पोलाद जगभर नावाजलेलं होतं, ते खेळात असं नेमकं उतरवलेलं बघून फार बरं वाटलं.

मोहिमा तीन आहेत: बाबर, बंगालचा पाल राजा देवपाल आणि राजेंद्र चोळ. बाबराची मध्य आशियातल्या फर्गाण्यापासून सुरू होते आणि भारतात येते, ती सगळ्यात रंगतदार. देवपालाची मला ठीक वाटली. राजेंद्राची मी पुन्हा पुन्हा खेळलो. ज्या राजाच्या आरमारानं १०२५ मध्ये समुद्र ओलांडून आग्नेय आशियातल्या श्रीविजय राज्यावर स्वारी केली, त्याचं आरमार आपल्या हातात असणं ही लहान गोष्ट नाही.

आणि कोल्हापूरकराला राजेंद्राची मोहीम खेळताना आणखी काही आठवतं. चोळ आणि कल्याणीचे चालुक्य यांचं वैर पिढ्यान्‌पिढ्या चाललं. राजेंद्राचा मुलगा राजाधिराज अकराव्या शतकाच्या मध्याला कोप्पमच्या लढाईत हत्तीवरच मारला गेला. हे कोप्पम म्हणजे शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेकाठचं खिद्रापूर असं काही अभ्यासकांचं मत आहे, तर काही जण ते कर्नाटकात दाखवतात. राजाधिराजाचा भाऊ, दुसरा राजेंद्र, त्यानं तिथंच लढाई सावरली आणि पुढं कोल्हापुरात जयस्तंभ उभारला, असा दावा चोळांच्या शिलालेखांत आहे. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं लगेच विचारलं, "मग ह्यात आपण कुठं हाय?"

या प्रश्नाला खेळात उत्तर नाही, आणि माझी एकमेव मोठी तक्रार तीच आहे. 'इंडियन्स' या एका डब्यात अख्खा देश कोंबला होता, तो या विस्तारानं फोडला हे उत्तमच झालं. पृथ्वीराजाची जुनी मोहीमही आता गुर्जरांकडं गेली आहे. पण फोडताना दख्खन मधेच राहिलं. राष्ट्रकूट, चालुक्य, देवगिरीचे यादव, बहामनी यांपैकी कुणाचीही स्वतंत्र संस्कृती नाही. शिवकाळ मागण्यात अर्थ नाही, खेळाचा काळ त्याच्या आधीच संपतो, हे मला मान्य आहे. पण शिलाहार भोज दुसरा, ज्यानं पन्हाळा बांधला असं मानतात, तो तर या काळात अगदी चपखल बसतो. डोंगरी किल्ल्यावर चाललेली संस्कृती, चढावर बांधलेल्या तटाला जास्त बळ, घाटातल्या वाटांवर झटपट हालणारं हलकं घोडदळ, हे सगळं या खेळाच्या नियमांत सहज बसलं असतं. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या पायथ्याला दगडी हत्तींची ओळ आहे, ती ज्यानं पाहिली असेल त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. उत्तरेला आणि दक्षिणेला मिळालेला न्याय मधल्या मुलखालाही मिळायला हवा होता.

ऑनलाइन मी फार खेळत नाही. संगणकावर माऊसनं खेळणाऱ्या माणसांशीही गाठ पडू शकते आणि तिथं वेगाचा फरक जाणवतोच. मित्रांसोबत एका बाजूला राहून संगणकाशी लढणं जास्त मजेचं. पावसाळ्यात आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा लांबलचक मोहिमेत मधून मधून सेव्ह करायची सवय लावून घ्या.

विकत घ्यायचा असेल तर एवढं ध्यानात ठेवा. हा विस्तार संगणकावर एप्रिल २०२२ मध्ये आला आणि मूळ खेळ एक्सबॉक्सवर ३१ जानेवारी २०२३ ला. मी मूळ खेळ गेम पासवर (एक्सबॉक्सच्या वर्गणीच्या सेवेवर) घेतला, पण विस्ताराचे पैसे वेगळे द्यावे लागले. म्हणून आधी गेम पासवर मूळ खेळातल्या पॅडच्या शिकवणीचे धडे पूर्ण करा, दोन-तीन जुन्या मोहिमा खेळा, हाताला वळण लागलं की मगच विस्तार घ्या. आणि घेतल्यावर पहिला डाव बंगाल्यांचा लावा, भरपूर पाणी नसलेल्या नकाशावर, संगणकाला मध्यम पातळीवर ठेवून. तिसऱ्या युगात दहा-बारा हत्ती उभे राहीपर्यंत तटाबाहेर पडू नका.