ईपीसीच्या नावाखाली माझे १,९३० पौंड गेले

इंग्लंडमध्ये घर भाड्याने देणाऱ्या आपल्या लोकांनी हे वाचाच. ईपीसी म्हणजे घर ऊर्जा किती वाचवतं ते ‘ए’ (उत्तम) ते ‘जी’ (वाईट) अशा रेटिंगने सांगणारं प्रमाणपत्र. सर्व्हेचे ८५ पौंड, ‘अर्जंट सी रेटिंग’चे ३९५ आणि भिंतींच्या इन्सुलेशनची (ऊब बाहेर जाऊ नये म्हणून घालायच्या थराची) आगाऊ रक्कम १,४५०. एकूण १,९३०. बायकोला सांगायला मला अकरा दिवस लागले.

भाडेकरू सोडून गेला होता. जुन्या प्रमाणपत्राची दहा वर्षं संपली होती आणि नव्या ईपीसीशिवाय एजंट जाहिरात टाकेना. फ्लॅटचा हप्ता मात्र दर महिन्याला जातच होता. नेमक्या त्याच आठवड्यात फोन आला. माझा पत्ता, जुनं ‘ई’ रेटिंग, मुदत संपल्याची तारीख, त्याला सगळं तोंडपाठ. मला वाटलं, एवढं माहीत आहे म्हणजे सरकारी माणूसच असणार. ईपीसीचं रजिस्टर सगळ्यांना खुलं असतं. पोस्टकोड टाकला की कोणालाही कोणाच्याही घराचं रेटिंग दिसतं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, तुम्ही ध्यानात ठेवा.

तो म्हणाला, ‘सी’ आता सक्तीचं झालंय, नाहीतर ३०,००० पौंड दंड. साफ खोटं! भाड्याच्या घराला किमान ‘ई’ लागतं. नव्या करारांना एप्रिल २०१८ पासून, चालू करारांना एप्रिल २०२० पासून. ‘सी’ची जी चर्चा चालते ती २०३० सालाची. पण बातम्यांत ‘सी’, ‘सी’ इतकं कानावर पडलं होतं की मी उलटून विचारलंच नाही. मी काही अडाणी नाही. ऑफिसात लोकांची बिलं पेनीपर्यंत तपासतो. पण नोकरी, रिकामा फ्लॅट आणि त्यात दंडाची धमकी. अशा वेळी माणूस घाबरतो.

सर्व्हेला एक पोरगा आला. बॉयलरचा फोटो, हॉलमधल्या रेडिएटरचा फोटो, दारातच माझी सही. सहा-सात मिनिटांत गेलासुद्धा. मोजपट्टी पट्ट्याला अडकवलेली होती, ती त्याने काढलीही नाही. एकही खोली न मोजता कोणी निघाला तर पैसे देऊ नका.

दुसऱ्या दिवशी पीडीएफ आलं. रंगीत पट्ट्या, हिरव्या ‘सी’समोर बाण, आकडा ७१. खाली छताच्या ओळीत लिहिलेलं: लॉफ्ट इन्सुलेशन, २७० मिलिमीटर.

माझा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे. वर दुसरं बिऱ्हाड राहतं, त्यांच्या वॉशिंग मशीनची माझा भाडेकरू तक्रार करायचा. लॉफ्ट, म्हणजे छपराखालचा माळा, आहेच कुठे? जुन्या प्रमाणपत्रावर त्याच ओळीत ‘वर दुसरं घर’ असं स्पष्ट होतं. आणि ती लॉफ्टची ओळ मी वाचली होती! ‘चुकून पडलं असेल’ म्हणून सोडून दिली, कारण वर हिरवा बाण दिसत होता. तीच ओळ रात्री डोळ्यांसमोर येते. त्याच संध्याकाळी मी १,४५० पाठवले, कारण हे ‘सी’ म्हणे तात्पुरतं, तीन महिन्यांत भिंतींचं काम केलं नाही तर रद्द. तात्पुरती ईपीसी असा प्रकारच नसतो.

एजंटने रजिस्टर उघडलं तर तिथे फक्त माझं जुनंच प्रमाणपत्र. खऱ्या प्रमाणपत्राचा क्रमांक वीस आकडी असतो, चार-चारचे पाच गट. मला आलेल्या पीडीएफवर सोळाच आकडे होते.

मग सुरू झाली फरफट. पोलिसांनी ऑनलाइन फॉर्म भरायला लावला आणि एक संदर्भ क्रमांक दिला. पुढे काय, तर काही नाही. कौन्सिल म्हणाली ग्राहक हेल्पलाइनला विचारा. तिथे ४७ मिनिटं ताटकळल्यावर उत्तर मिळालं, तुमची माहिती कौन्सिलला कळवू. असेसरांना, म्हणजे ईपीसीसाठी घर तपासणाऱ्यांना, मान्यता देणाऱ्या संस्थेने सांगितलं, तो आमचा सभासद नाही, म्हणून कारवाई करता येत नाही. अहो, सभासद नाही हीच तर तक्रार आहे! माझ्याकडे ईपीसी नसती तर मला २०० पौंड दंड करायला हीच यंत्रणा आली असती. खोटी ईपीसी विकणाऱ्याला मात्र हात लावायला कोणाकडे माणूस नाही.

बँकेने तर कहर केला. ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत बँकेनं पैसे परत करायचा नियम आहे. पण माणूस प्रत्यक्ष घरी आला होता ना, म्हणून बँकेच्या मते ही फसवणूकच नाही, दोन पक्षांमधला व्यवहाराचा वाद. असं उत्तर आलं तर गप्प बसू नका. लेखी अंतिम उत्तर मागा. ते आल्यापासून सहा महिन्यांत फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं.

असेसर सरकारी वेबसाइटवरच शोधा, फोन करून आलेला घेऊ नका. मी शेवटी तसाच शोधला. ७२ पौंड, पाऊण तास, प्रत्येक खोली मोजली. रेटिंग ‘डी’, ६१. भिंतींना हात लावायची गरजच नव्हती.

काल ऑम्बुड्समनकडे दोन्ही प्रमाणपत्रं पाठवली. छताच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली आहे.