विधी प्राध्यापकी: आधी नोकरी की आधी पूर्णवेळ पीएचडी?

एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) झालं, नेट (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) निघालं, सोबत जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची संशोधन शिष्यवृत्तीही मिळाली, की बहुतेक जण आधी पैशांचा हिशेब करतात. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, त्यावर महागाई भत्ता. जेआरएफ दरमहा ३७,०००, दोन वर्षांनी तिची एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) झाल्यावर ४२,०००, शिवाय घरभाडं. नोकरीचं पारडं जड दिसतं, पण आमच्या मते निर्णय यावर घेऊ नये. तुमच्या संशोधनाच्या प्रश्नाचं उत्तर निकालपत्रांत आहे की न्यायालयाच्या दप्तरात, हे आधी ठरवा.

उदाहरणासाठी कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ घेऊ. 'सामायिक घर' म्हणजे काय, सासूच्या नावावरचं घर त्यात बसतं का, हा डॉक्ट्रिनल प्रश्न, म्हणजे कायदा आणि निकालपत्रं वाचून सुटणारा. सर्वोच्च न्यायालयाच्या बत्रा निकालानं (२००६) व्याख्या आवळली, सतीश आहुजा निकालानं (२०२०) ती पुन्हा मोकळी केली, आणि त्यानंतर उच्च न्यायालयांनी तिचा अर्थ कसा लावला हे तपासायचं. हे काम कॉलेजच्या ग्रंथालयात, रात्री घरी, तुकड्या-तुकड्यांनी होतं. नोकरीसोबत ते निभावतं.

आता दुसरा प्रश्न. कलम १२ प्रमाणे पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायदंडाधिकाऱ्यानं करायचा असतो. एखाद्या जिल्ह्यात प्रत्यक्षात किती दिवस लागतात आणि तारखा कशामुळे पडतात? ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरून तारखा मिळतात, कारणं मिळत नाहीत. त्यासाठी रोजनामे (प्रत्येक तारखेला काय झालं याच्या न्यायालयीन नोंदी) वाचावे लागतात, वकिलांशी आणि या कायद्याखाली पीडितेला मदत करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांशी बोलावं लागतं. कलम १६ खाली सुनावणी बंद दालनात होऊ शकते, त्यामुळे परवानगी आणि पक्षकारांची गोपनीयता यांची व्यवस्था आधीच लावावी लागते. आठवड्याला १६ तास वर्गात, त्यावर परीक्षा आणि नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) कामं, आणि न्यायालयाची वेळ नेमकी कॉलेजचीच. उन्हाळ्यात तुम्हाला सुट्टी मिळते तेव्हा न्यायालयातही कामकाज मोजकंच चालतं. नोकरी करत असा विषय घेतला की तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गुपचूप डॉक्ट्रिनल होतो आणि प्रबंधात क्षेत्रकार्याचं एकच पातळ प्रकरण उरतं. अशा विषयाला पूर्णवेळ पीएचडीच हवी.

पूर्णवेळच्या वाटेची खरी किंमत मात्र पगारात नाही, सेवाकाळात आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार पीएचडी मिळवण्यात गेलेला काळ नेमणुकीसाठी अनुभव म्हणून धरत नाहीत. नोकरीत राहून, रजा न घेता केलेल्या पीएचडीचा काळ मात्र अध्यापनाचा अनुभव म्हणून पूर्ण मोजला जातो. याच्या बदल्यात पीएचडीसह रुजू झालात तर वेतनश्रेणीच्या लेव्हल १० वरून ११ ला जायला ४ वर्षं पुरतात. एलएलएमवर ५ लागतात. म्हणजे बचत एका वर्षाची. पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी दोघांनाही लागतेच.

'नोकरी' म्हणताना आम्हाला रीतसर निवड समितीतून झालेली, विद्यापीठाची मान्यता असलेली पूर्णवेळ नेमणूक अभिप्रेत आहे. तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी, म्हणजे तासांप्रमाणे मानधनाच्या) कामासाठी जेआरएफ सोडू नका. आधीची हंगामी सेवा पदोन्नतीसाठी धरायची तर त्या काळातलं एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी असता कामा नये, आणि सीएचबीचं मानधन तिथवर पोचत नाही. पाच वर्षं शिकवूनही पाटी कोरीच राहते.

नोकरी निवडलीत तर अर्धवेळ पीएचडीसाठी ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: अर्धवेळ अभ्यासाची परवानगी, कामातून पुरेसा वेळ मिळेल याची ग्वाही, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक. तिसरं वाक्य बहुतेकदा राहून जातं आणि पुढे कोर्सवर्कच्या वेळी प्राचार्यांशी घासाघीस सुरू होते. पत्र हातात घेतानाच वाचा.

गाइडची जागा हा दोन्हीकडचा अडसर. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगीकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, ही मर्यादा. म्हणून विषय घेऊन आधी गाइडला भेटा, जागा रिकामी आहे का विचारा, मग अर्ज करा.

वकिलीचा विचार मनात असेल तर एवढं पाहा: सनद (वकिलीचा परवाना) चालू ठेवून दिवसाला ३ तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, पण पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला ती स्थगित करावी लागते.

जेआरएफ नाही, फक्त नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) आहे आणि मान्यताप्राप्त जागा समोर आहे? मग रुजू व्हा आणि विषय निकालपत्रांतला निवडा. रोजनाम्यांचा विषय सोडणं जमतच नसेल, तर काही वर्षांनी अध्ययन रजा मागा. तीही एकूण शिक्षकांपैकी २० टक्क्यांनाच मिळते, तेव्हा रांगेत नाव लवकर लावा.