नेरूळचं नेव्हीकाकांचं कांदा-बटाट्याचं दुकान: माझा अडीच वर्षांचा अनुभव

मी जुईनगरला डबे करते. सध्या ५८ डबे आहेत, दोन्ही वेळचे. आठवड्याला साधारण ६० किलो कांदा आणि ३५ किलो बटाटा लागतो. आधी आठ वर्षं तुर्भ्याच्या मार्केटमधून गोणी आणायचे. गोणीच्या तोंडाशी डबल पत्तीचा, म्हणजे दुहेरी सालीचा टपोरा कांदा, आणि मधे हात घातला की चिंगळी म्हणजे अगदी बारीक कांदा, डेंगळे म्हणजे दांडा फुटलेले, नाहीतर नासका. कोणाकडे तक्रार करणार?

गेली अडीच वर्षं नेरूळ पूर्वेच्या एका लहानशा गाळ्यातून घेते. पाटीवर फक्त ‘कांदा, बटाटा, लसूण’ असं लिहिलंय, पण आसपास सगळे नेव्हीकाकांचं दुकान म्हणतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी भाव विचारला. काकांनी उलट मलाच विचारलं, “ताई, किती दिवसांत संपवणार?” तोपर्यंत मला कुठल्याही दुकानदाराने हे विचारलं नव्हतं. आठवड्यात संपणार म्हटल्यावर त्यांनी एक गोणी पुढे ओढली. शेजारची बाई महिन्याचा कांदा न्यायला आली होती, तिला दुसरीच दिली, किलोला दोन रुपये जास्तीची. तिचा कांदा मुद्दाम उचलून मला दाखवला. मान बारीक, सुकून बंद झालेली, पत्ती घट्ट. हा उन्हाळी कांदा, पातीसकट शेतात सुकवलेला. जाड मानेचा कांदा वरून कितीही देखणा दिसला तरी त्याची मान मिटत नाही, तिथून ओल आत जाते. तो आधी खाऊन टाकायचा. मी इतकी वर्षं कांदा चिरतेय, पण मानेकडे कधी बघितलं नव्हतं.

काका ओतूरचे, घरी कांद्याचंच पीक. १९८४ साली सतराव्या वर्षी नौदलात भरती झाले. ओरिसात चिलका सरोवराकाठी ट्रेनिंग, मग मालाडच्या आयएनएस हमलामध्ये भांडाराचं काम शिकले. पुढे ‘विराट’ या विमानवाहू युद्धनौकेवर होते. हजाराहून जास्त माणसांचं राशन तिथे. ते सांगतात, बंदर सोडलं की पालेभाजी तीन दिवस, मग टोमॅटो जातो, मग कोबी. शेवटपर्यंत साथ देतात ते कांदा आणि बटाटा. म्हणून रोज सकाळी स्टोअरमध्ये जाऊन आधी नुसता वास घ्यायचा. “सडका बटाटा डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतो,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलंय. आता माझ्या मदतनीस मुलीसुद्धा गोणी उघडली की पहिल्यांदा वास घेतात. जहाजावर प्रत्येक गोणीवर चढवल्याची तारीख असायची. इथेही प्रत्येक बारदानावर खडूने तारीख असते. माल घेताना ती बघून घ्या.

पंधरा वर्षांची नोकरी १९९९ साली संपली. शेवटचे महिने कारगिलच्या उन्हाळ्यातले, जहाजं अरबी समुद्रात सज्ज होती. त्याबद्दल काका फार बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

त्यानंतरची वीस वर्षं वाशीतल्या एका निर्यात कंपनीच्या पॅकहाऊसमध्ये. कांदा, आणि मोसमात हापूस. १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा बंद केला, फळमाशी सापडली म्हणून. ऐन हंगामात. काका सांगतात, लंडनसाठी भरलेल्या पेट्या सोडून आंबा इथेच मिळेल त्या भावाने विकावा लागला, आणि बागवाल्यांना फोन करून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. ते सांगताना त्यांचा आवाज अजून बदलतो. पुढच्या जानेवारीत बंदी उठली, पण आंबा ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवून मगच पाठवायचा, हे आलं. घड्याळ लावून त्या टाकीपाशी उभं राहिलेला हा माणूस आहे. दुकानात आंबा फक्त आगाऊ सांगितला तर आणतात. कच्चा आंबा बादलीतल्या पाण्यात टाकून दाखवतात. बुडाला तर झाडावर तयार झालेला, तरंगला तर कोवळा तोडलेला. तरंगलेला ते विकत नाहीत. कर्नाटकचा असेल तर कर्नाटकचा म्हणूनच देतात, देवगडचा म्हणून नाही. गेल्या वर्षी घेतलेल्या चार डझनांत दोनच आंब्यांत साका, म्हणजे आतला गर खराब झालेला, निघाला.

बटाट्याचं सांगायलाच हवं. माझ्या काचऱ्या मधेच काळपट आणि गोड व्हायच्या, डबा घेणारे नाराज. मी तेलाला दोष देत होते. काका म्हणाले, कोल्ड स्टोरेजमधून थेट आलेला बटाटा आहे. फार थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते, ती तेलात लाल होते. ते असा बटाटा दहा-बारा दिवस बाहेर हवेशीर ठेवून मग देतात. कांद्याजवळ ठेवत नाहीत, मधे लसूण ठेवतात. माझ्या काचऱ्या तेव्हापासून एकदाही बिघडल्या नाहीत.

एकदा त्यांच्याकडचाही माल खराब निघाला. गेल्या सप्टेंबरात एका गोणीत काजळी धरलेला कांदा होता. मी वैतागून परत घेऊन गेले. काकांनी तो काट्यावर ठेवला, ४ किलो ३०० ग्रॅम भरला, वहीत लिहून पैसे परत दिले. मग माझ्यासमोर त्याच वक्कलच्या, म्हणजे एकत्र आलेल्या मालाच्या, बाकीच्या पाच गोण्या फोडल्या. “पावसात चढवलेला माल होता, मी तेव्हाच विचारायला हवं होतं,” एवढंच म्हणाले.

गैरसोयी आहेत. दुपारी एक ते साडेचार बंद. घरपोच नाही, मला रिक्षाचे वेगळे पडतात. भाव मार्केटपेक्षा तीन-चार रुपयांनी जास्त आणि घासाघीस अजिबात चालत नाही. पण मार्केटच्या गोणीत माझा पाच-सहा किलो कांदा फेकला जायचा. तो हिशेब केला तर मला इथेच स्वस्त पडतं. सोमवारी बंद असतं. यूपीआय घेतात, वहीत काकू लिहितात.

मंगळवारी सकाळी आठच्या आत गेलात तर नवीन माल समोर निवडताना बघायला मिळतो. तुम्हाला किती दिवसांसाठी हवाय ते आधी ठरवून जा, कारण काका पहिल्यांदा तेच विचारतील.